निळ्या फळांच्या मुलखात

न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी माणसाचा वावर बहुतेक राज्याच्या उत्तरेकडच्या निम्म्या भागातच असतो. एडिसनचा ओक ट्री रोड, ब्रिजवॉटरचं बालाजी मंदिर, प्रिन्स्टनच्या आसपासच्या वसाहती आणि रोजची न्यूयॉर्कची गाडी. दक्षिणेकडे वळायचं ते अटलांटिक सिटीचा समुद्र बघायला, आणि तेही हमरस्त्याने, काचा वर करून. वाटेत काय मागे पडतं, याची चौकशी आम्हीही बरीच वर्षं केली नव्हती. यंदा सासूबाई संगमेश्वरहून उन्हाळ्यासाठी आल्या आणि त्यांना मॉल आणि उंच इमारती दाखवण्यात काही अर्थ नाही, हे पहिल्या आठवड्यातच कळलं. त्यांचा जीव झाडांत. म्हणून जुलैच्या सुरुवातीला, कामाच्या दिवशी सुट्टी काढून, आम्ही ब्लूबेरी तोडायला हॅमंटनला निघालो.

रस्ता २०६ धरायचा आणि दक्षिणेला जात राहायचं. टॅबर्नॅकल मागे टाकलं की घरं विरळ होतात आणि दोन्ही बाजूंना पाइनची झाडं सुरू होतात. ही हिमालयातल्यासारखी सरळसोट, उंच झाडं नव्हेत. खोड वाकडंतिकडं, साल जाड आणि काळपट. इथे वणवा नेहमीचाच. वणवा लागून गेला की या पाइनच्या जळक्या खोडातूनच हिरवे कोंब फुटतात. खालची जमीन म्हणजे पांढरी वाळू. अॅटसियनच्या तळ्याशी आम्ही थांबलो. पाण्याचा रंग दुधाशिवायच्या चहासारखा होता. सासूबाईंनी ओंजळीत पाणी घेऊन वास घेतला. घाण नव्हती. पानं आणि मुळं कुजून उतरलेलं टॅनिन आणि जमिनीतलं लोह, यांचा तो रंग. हे सगळं पाणी आम्लधर्मी आहे आणि पायाखालच्या वाळूत त्याचा प्रचंड साठा आहे.

या भागाला पाइन बॅरन्स म्हणतात. १९७८ साली अमेरिकेच्या संसदेने इथली सुमारे ११ लाख एकर जमीन राष्ट्रीय राखीव प्रदेश म्हणून जाहीर केली. न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फिया या दोन शहरांच्या मधोमध एवढं जंगल शिल्लक कसं राहिलं, याचं उत्तर त्या वाळूत आहे. युरोपातून आलेल्या शेतकऱ्यांचा गहू आणि मका इथे धरेना. चुना टाका, शेणखत टाका, जमीन दाद देईना. मग ती टाकून दिलेली राहिली. आणि ज्या गुणांमुळे ती टाकून दिली गेली, नेमके तेच गुण ब्लूबेरीला हवे असतात.

हॅमंटन स्वतःला जगाची ब्लूबेरी राजधानी म्हणवतं आणि गावाच्या बाहेर पडताच ते पटतं. रस्त्याच्या दोन्ही अंगांना पुरुषभर उंचीच्या झुडपांच्या ओळीच ओळी. यातले बहुतेक मळे मोठे, बाजारासाठी पिकवणारे. पण काही मळेवाले आपल्या शेताचा एक तुकडा आमच्यासारख्यांसाठी राखून ठेवतात. तुम्ही जायचं, ते बादली देतात, कोणत्या ओळीत जायचं ते सांगतात. तुम्ही आपल्या हातांनी फळं तोडायची, परत येऊन वजन करायचं आणि पौंडाप्रमाणे पैसे द्यायचे. काही ठिकाणी आत जायलाही थोडे पैसे पडतात. ही रीत अमेरिकेत १९३० नंतरच्या महामंदीत आणि पुढे दुसऱ्या महायुद्धानंतर रुजली. मालाला भाव नव्हता, तोडणीची मजुरी आणि पेट्यांचा खर्च सुटत नव्हता. तेव्हा गिऱ्हाइकालाच शेतात बोलावणं शेतकऱ्याला परवडू लागलं. आज शहरातल्या कुटुंबांसाठी तो सहलीचा दिवस असतो. शेतकऱ्यासाठी मात्र तो अजूनही जगण्याचा हिशोब आहे, हे तोडताना लक्षात ठेवावं.

आम्ही गेलो त्या मळ्याची मालकीण साठीच्या पुढची, इटालियन घराण्यातली. हॅमंटनमध्ये इटालियन वस्ती जुनी आहे. सिसिलीहून आलेल्या लोकांनी इथे १८७५ मध्ये सुरू केलेला माउंट कार्मेलच्या मेरीमातेचा उत्सव आजही दर जुलैत भरतो. मालकिणीने बादल्यांना दोरी बांधून त्या आमच्या कमरेला अडकवल्या, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात. मग एक घोस हातात धरून तिने आम्हाला जे दाखवलं, ते त्या दिवसाचं खरं शिक्षण होतं.

ब्लूबेरीचा घोस एकाच वेळी पिकत नाही. एकाच घोसात हिरवी, गुलाबी, जांभळट आणि निळी फळं शेजारी शेजारी असतात. त्यामुळे एका झुडपावर काही आठवड्यांत पुन्हा पुन्हा तोडणी करावी लागते. फळ निळं दिसलं म्हणून तोडायचं नाही. ते उलटं करून देठापाशी बघायचं. तिथे तांबूस कडं दिसलं तर फळ अजून आंबट आहे. कडं पूर्ण निळं झाल्यावरही ते आणखी काही दिवस झाडावर राहिलं, तर आकार आणि गोडी दोन्ही वाढतात. आणि एकदा तोडलं की संपलं. आंबा अढीत घातला की गोड होतो, तसं याचं नाही. ब्लूबेरी तोडल्यावर मऊ होईल, रंग बदलेल, पण तिची गोडी वाढणार नाही. दुकानातली ब्लूबेरी कित्येकदा पाणचट किंवा आंबट का लागते, ते इथे उमगलं. लांबचा प्रवास सोसावा म्हणून ती लवकर तोडलेली असते.

तोडायचं कसं, तर घोसाखाली तळवा धरायचा आणि अंगठ्याने फळांना हलकेच लोटायचं. पिकलेलं फळ आपोआप हातात उतरतं. ओढावं लागलं तर ते कच्चं आहे. फळावर पांढरट भुकटीसारखा थर असतो. ते औषध नव्हे, फळाचं स्वतःचं मेण आहे, आणि त्यानेच ते टिकतं. म्हणून शक्य तेवढं कमी हाताळायचं आणि खायच्या वेळेपर्यंत धुवायचं नाही.

सासूबाईंना हे सांगावं लागलं नाही. त्यांचं लहानपण सड्यावर करवंदांच्या जाळ्यांत गेलेलं. त्या दोन पावलं मागे सरकल्या, वाकल्या आणि झुडपाच्या आतल्या, खालच्या फांद्या वर उचलून बघू लागल्या. वरचं सगळे तोडतात, पोटातलं कोणी बघत नाही. "आई, कंबर धरेल," मी म्हटलं. "अगं, काटा नाही, चीक नाही, कसली आलीय मेहनत?" त्या म्हणाल्या. खरंच होतं. करवंद तोडताना हातभर ओरखडे आणि बोटांना चिकटलेला पांढरा चीक, हा हिशोबच असतो. इथे हात नुसते किंचित निळसर झाले. त्यांची बादली माझ्या आधी भरली. मालकिणीने वजन करताना त्यांची फळं बोटांनी चाळली आणि एकही तांबूस कडं न सापडल्यावर त्यांच्याकडे बघून मान डोलावली. भाषेची अडचण दोघींनाही आली नाही.

इतकं बिनकाट्याचं, टपोरं, एका ओळीत उभं असलेलं फळ बघून वाटतं की माणूस हजारो वर्षं याची शेती करत आला असणार. तसं मुळीच नाही. गहू, भात, द्राक्षं यांच्या मानाने ब्लूबेरी कालची आहे. ती माणसाने शेतात आणल्याला जेमतेम शंभरावर काही वर्षं झाली आहेत, आणि ज्या गावात हे घडलं ते हॅमंटनपासून गाडीने तासाभराच्या आत आहे. परतीच्या वाटेवर आम्ही तिथे गेलो. ही प्रत्येकाने पाहावी अशी जागा आहे.

व्हाइट्सबॉग. ब्राउन्स मिल्सजवळचं हे छोटं वसाहतीचं गाव, आता ब्रेंडन बर्न सरकारी वनाच्या हद्दीत. कधीकाळी हा जोसेफ व्हाइट यांचा क्रॅनबेरीचा प्रचंड मळा होता. त्यांची थोरली मुलगी एलिझाबेथ, जन्म १८७१. क्रॅनबेरी ऑक्टोबरात पिकते. तिच्या वाफ्यांच्या कडेला, बांधांवर जंगली ब्लूबेरी उन्हाळ्यात भरभरून यायची. लोक ती गोळा करून विकत, पण एका झुडपाचं फळ वाटाण्याएवढं, दुसऱ्याचं आंबट, तिसऱ्याचं जाड सालीचं. हिची शेती करता आली तर क्रॅनबेरीच्या आधीचं एक पीक हाताशी येईल, असं एलिझाबेथच्या मनात होतं. पण ब्लूबेरी माणसाळत नाही, असंच तेव्हा सगळे म्हणत. ज्यांनी बागेत लावून पाहिली, त्यांची झुडपं मेली होती.

ती का मेली, हे फ्रेडरिक कोव्हिल या सरकारी कृषिखात्यातल्या वनस्पतिशास्त्रज्ञाने शोधलं. लोक ब्लूबेरीला इतर पिकांसारखी चांगली जमीन, चुना आणि शेणखत देत होते आणि तेच तिला मारत होतं. तिला आम्लधर्मी जमीन लागते, सामू साडेचारच्या आसपास. तिच्या बारीक, उथळ मुळांवर मूळरोम नसतात. जमिनीतल्या एका बुरशीच्या सोबतीने ती अन्न घेते. कोव्हिल यांचा हा अभ्यास १९१० च्या अखेरीस प्रसिद्ध झाला, तो एलिझाबेथच्या वाचनात आला आणि १९११ मध्ये तिने त्यांना कळवलं की जमीन आमच्याकडे आहे, खर्च आम्ही करू, तुम्ही प्रयोग इथे करा.

पुढचा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो. प्रयोगाला उत्तम जंगली झुडपं हवी होती, आणि ती कुठे आहेत हे शास्त्रज्ञाला ठाऊक असणं शक्य नव्हतं. ते ठाऊक होतं पाइनच्या रानात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या गरीब लोकांना. शहरातली माणसं ज्यांना अडाणी समजत, ते हे लोक. एलिझाबेथने त्यांना कामाला घेतलं. प्रत्येकाला तिने एक मापाची पट्टी दिली, तिच्यात पाच अष्टमांश इंचाचं, म्हणजे साधारण १६ मिलिमीटरचं भोक. ज्या झुडपाचं फळ त्या भोकातून पार पडणार नाही, ते झुडूप दाखवायचं. त्याचे पैसे मिळत, शिवाय वाट दाखवण्यात गेलेल्या वेळाचेही. आणि झुडपाला नाव द्यायचं ते शोधणाऱ्याचं.

अशी शंभरावर झुडपं रानातून आली. सॅम, हार्डिंग, ग्रोव्हर, अॅडम्स ही त्यांतल्या वाणांची नावं. सगळ्यांत यशस्वी ठरलं ते रूब लीक नावाच्या माणसाने दाखवलेलं झुडूप. 'रूब' हे नाव फळाला शोभेना आणि 'लीक' म्हणजे तर कांद्याच्या जातीची एक भाजी. शेवटी नाव आणि आडनावाचं आद्याक्षर जोडून वाणाचं नाव पडलं रूबेल. रूबेल आजही लावली जाते. आणि पुढे सरकारी संशोधकांनी काढलेल्या कितीतरी वाणांच्या वंशावळीत ती सापडते. आज हॅमंटनमध्ये हंगामाच्या सुरुवातीला येणारी ड्यूक ही १९८७ ची, मधल्या काळातली ब्लूक्रॉप १९५२ ची. जंगलातला एक गरीब माणूस असा दुकानातल्या डब्यापर्यंत पोहोचला आहे.

लागवडीच्या ब्लूबेरीचं पहिलं पीक व्हाइट्सबॉगहून १९१६ मध्ये बाजारात गेलं. फळ ओलं न होता गिऱ्हाइकाला दिसावं म्हणून डब्यांवर सेलोफेनचा पारदर्शक कागद लावायची कल्पनाही एलिझाबेथचीच. १९२७ मध्ये राज्यातल्या ब्लूबेरी उत्पादकांची सहकारी संस्था उभी करण्यातही ती पुढे होती. तिने १९२३ साली मळ्यातच बांधलेलं घर आजही उभं आहे आणि दाराजवळच त्या जुन्या वाणांची झुडपं आहेत. १९५४ मध्ये ती गेली. आता एक विश्वस्त संस्था गावाची देखभाल करते. आम्ही गेलो तेव्हा तिथे फारसं कुणी नव्हतं. लाकडी कामगारवस्ती, जुनं दुकान, वाळूचे रस्ते आणि क्रॅनबेरीचे रिकामे वाफे, एवढंच. मी सासूबाईंना पट्टीची आणि झुडपांच्या नावांची गोष्ट सांगितली. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, "आमच्याकडे कोणत्या जाळीचं करवंद गोड, ते कातकरणींना माहीत. त्यांचं नाव कुणी ठेवलं?"

याचं उत्तर माझ्यापाशी नव्हतं. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने करवंदाचा 'कोकण बोल्ड' आणि जांभळाचा 'कोकण बहाडोली' हे वाण काढले आहेत, आणि पालघर जिल्ह्यातल्या बहाडोलीच्या जांभळाला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. म्हणजे काम झालेलं आहे. पण करवंदं अजूनही घाटात पानांच्या द्रोणात विकली जातात ती रानातूनच आलेली, आणि ती तोडणाऱ्या बाईचं ज्ञान तिच्याबरोबरच संपतं. कोकणातला एखादा बागायतदार मे महिन्यात आपल्या कातळावर करवंदं आणि जांभळं तोडायला मुंबई-पुण्याच्या कुटुंबांना बोलावू शकेल, वाट दाखवायला त्या रानातल्याच बायकांना मजुरी देऊन नेमेल. यात अशक्य असं काय आहे? महाबळेश्वर-पाचगणीच्या स्ट्रॉबेरीच्या मळ्यांत लोक आनंदाने जातातच की.

ज्यांना इथे जायचं असेल त्यांच्यासाठी थोडी व्यवहाराची माहिती. न्यू जर्सीत स्ट्रॉबेरी मेच्या अखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंत असते, आणि ती जमिनीलगत असल्याने वाकून किंवा बसून तोडावी लागते. ज्येष्ठांना घेऊन जायचं तर ब्लूबेरीच बरी. उभ्याने तोडता येते, सावलीही थोडी मिळते. तिचा हंगाम जूनच्या मध्यापासून जुलै संपेपर्यंत. ब्लॅकबेरी आणि रास्पबेरी जुलैपासून पुढे. उत्तरेकडे राहणाऱ्यांना हॅमंटन लांब वाटलं तर प्रिन्स्टनजवळ टरहून ऑर्चर्ड्स आणि चेस्टरला ऑल्स्टीड फार्म्स आहेत. पण पाइन बॅरन्सची वाळू आणि चहाच्या रंगाचं पाणी तिथे नाही. क्रॅनबेरी स्वतः तोडायला मिळत नाही. मात्र ऑक्टोबरमध्ये पाणी भरलेल्या वाफ्यांवर तरंगणारी लाल फळं बघायला याच भागात यावं.

निघण्याआधी मळ्याला फोन करायचाच. शनिवार-रविवारी इतकी गर्दी होते की सोमवारी ओळी रिकाम्या असतात आणि मळेवाले एखादा दिवस फळ पिकायला बंद ठेवतात. सकाळी लवकर जावं. ऊन चढलं की फळ गरम होतं, मऊ पडतं आणि घरी येईपर्यंत चेचतं. बादलीतून घरी आणण्यापेक्षा पसरट, उथळ डबे बरोबर न्यावेत. पक्ष्यांना पळवण्यासाठी काही मळ्यांत गॅसची बंदूक ठराविक वेळाने मोठ्याने वाजते. लहान मुलं दचकतात, त्यांना आधी सांगून ठेवावं.

एक काळजी मात्र हसण्यावारी नेऊ नये. या भागात हरणांवरची बारीक गोचीड असते आणि तिच्या चाव्याने लाइम नावाचा आजार होतो. लांब पँट घालावी, ती मोज्यांत खोचावी, बूट बंद असावेत आणि घरी आल्यावर गुडघ्यामागे, काखेत, केसांत, मुलांच्या कानांमागे नीट बघावं. चावल्यानंतर काही दिवसांनी तांबडा, पसरत जाणारा चट्टा उठला किंवा ताप आला तर लगेच डॉक्टरांकडे जावं. वेळेवर औषध मिळालं तर आजार बरा होतो. तीन-तीन पानांची पॉइझन आयव्हीची वेल रानाच्या कडेला असते, तिला हात लावू नये.

आपण गंमत म्हणून तासभर तोडतो त्याच वेळी शेजारच्या मोठ्या मळ्यात मेक्सिको, हैती, प्वेर्तो रिको इथून आलेले कामगार पहाटेपासून हेच काम वजनावर पैसे घेऊन करत असतात. त्यांच्यातले बरेच जण हंगाम सरकेल तसे दक्षिणेकडून वर येतात आणि पुढे मिशिगनला किंवा मेनला जातात. आपली बादली भरायला किती वेळ लागला, हे एकदा बघितलं की त्यांच्या हातांचा वेग आणि त्यामागचे कष्ट नीट कळतात. माझ्या मनात तरी दुकानातल्या डब्याची किंमत त्या दिवसापासून बदलली.

घरी आल्यावर निम्मी फळं न धुता, ताटात एकेरी पसरून फ्रीजरमध्ये ठेवली. गोठल्यावर पिशवीत भरली, म्हणजे गोळा होत नाही. उरलेल्यांचा सासूबाईंनी मुरंबा केला. फळांच्या निम्मी साखर, दोन लिंबांचा रस आणि वेलदोडा. लिंबू घातल्यावर निळा रंग लालसर जांभळा होतो, ते बघण्यासारखं असतं. पेक्टिन फळातच असतं, त्यामुळे वेगळं काही घालावं लागत नाही. तो पोळीशी उत्तम लागतो, दह्यात त्याहून.

मुलांकडे उन्हाळ्यात अमेरिकेला येणाऱ्या आई-बाबांनी त्यांच्याकडे एक दिवस हक्काने मागून घ्यावा. कामाचा दिवस, सकाळची वेळ, रस्ता २०६. हॅमंटनला फळं तोडून झाली की व्हाइट्सबॉगला नक्की जावं. तिथला ब्लूबेरी उत्सव जूनच्या अखेरीस असतो, पण गर्दी नको असेल तर तो टाळून जुलैचा पहिला-दुसरा आठवडा धरावा.